नसरीन मोहमदींच्या रेघा : आधी आजार सांगायचा की आधी पट्टी?

रावपुरेकर
वडोदऱ्यात अमूर्त रेखाचित्रं काढणाऱ्या चित्रकार नसरीन मोहमदींचा विषय निघाला की दोन वाक्यांत गाडी त्यांच्या आजारावर येते. मज्जासंस्थेचा विकार, हातावरचा ताबा सुटत चाललेला, तरी इतकी सरळ रेघ! मग बहारीनचं वाळवंट, झेन बौद्ध विचार, आणि संपलं. 1972 पासून त्या इथल्या फाइन आर्ट्समध्ये शिकवत होत्या. निदान या गावात तरी विद्यार्थ्यांना त्यांचं काम दाखवताना चित्रापासून सुरुवात व्हावी.

समोर असतो साधारण 19 बाय 24 इंचांचा कागद, त्यावर शाई आणि ग्रॅफाइट. शीर्षक नाही, बहुतेकांवर तारीखही नाही. विद्यार्थ्याला आधी हे काम करून बघू द्या. 300 मिमीत 5 मिमीचे 60 भाग पाडायचे. डिव्हायडरने एकेक पाऊल टाकत गेलात आणि दर पावलाला 0.1 मिमी जास्त पडलं, तर शेवटी 6 मिमीची चूक साठते. म्हणून पट्टी एकदाच ठेवून सगळ्या खुणा एकाच शून्यापासून घ्यायच्या. शाई ओढताना पट्टीची तासलेली बाजू कागदाकडे ठेवायची, म्हणजे कड कागदापासून जराशी उचललेली राहते. कड टेकली की शाई पट्टीखाली ओढली जाते आणि रेघ फुटते. टेक्निकल पेन (ठरावीक जाडीची रेघ देणारं, नळीच्या टोकाचं) जवळजवळ उभं धरायचं. सुरुवातीला क्षणभर जरी थांबलात तरी तिथे गोळा येतो. हे हातानं केल्यावरच कळतं की नसरीन रेघ अधेमधे सोडून देतात ती जागा किती विचारपूर्वक निवडलेली आहे.

दांडियाबाजारकर
अजिबात पटलं नाही. याच शहरात 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. पट्टी, सेटस्क्वेअर घेऊन समांतर रेघा मारणारी पोरं इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. त्यातून नसरीन का निघाल्या नाहीत? हत्यारानं अचूकपणा समजतो, निवड समजत नाही.

कामाचा क्रम बघा. साठच्या दशकात ब्रश, शाईचे वॉश, फांद्यांसारखे आकार. सत्तरच्या दशकात आडव्या-उभ्या रेघांची जाळी. ऐंशीत जाळी विरत जाते, कर्ण आणि कंस येतात, मधला मोठा कागद कोरा राहतो. जाळी आणि कर्ण दोन्ही त्याच ड्राफ्टिंगच्या टेबलावर झाले, म्हणजे बदलाचं कारण टेबलात नाही. ते त्यांच्या आयुष्यातल्या कराची, लंडन, पॅरिस, बहारीन, अलिबागजवळच्या किहीमचा किनारा यांत शोधावंच लागेल. आणि मुंबईत कलाकारांचे स्टुडिओ असलेल्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे भेटले, ही काय किरकोळ गोष्ट आहे?

रावपुरेकर
गायतोंडे मान्य. नसरीननी काढलेले फोटोही मान्य : रस्त्यावरचे पट्टे, मागावरचा ताणा, फत्तेपूर सिक्रीचे चौक. तो कामाचाच भाग आहे. माझा आक्षेप आजाराला आहे. कंप असलेल्या हातानं सरळ रेघ मारली यात चमत्कार कसला? सरळपणा पट्टी देते, आणि टेक्निकल पेनच्या रेघेची जाडी दाबावर ठरत नाही.

शाईदौत
इथे घाई होतेय. पेनची जाडी बदलत नाही हे खरं, पण पेन टेकवणं आणि उचलणं पट्टी करत नाही. हात हलला तर ते टोकांवर दिसतं : टोक हुकासारखं वळतं, ठिपका पडतो. ग्रॅफाइटमध्ये तर दाब सगळाच उमटतो. शिवाय त्यांची फिकट-गडद छटा दाबापेक्षा रेघांच्या अंतरातून येते; जवळजवळच्या रेघांत एखादी सरकली की तिथे काळा पट्टा दिसतो. तेव्हा आजार उदात्त करून सांगू नका हे बरोबर, पण शारीरिक कष्टच नव्हते असंही म्हणू नका.

करून बघणाऱ्यांसाठी : शाई आधी, ती पूर्ण सुकल्यावर ग्रॅफाइट. दाट ग्रॅफाइटवर शाई नीट धरत नाही, रेघ तुटते. कागद मोजण्याआधी दिवसभर त्याच खोलीत राहू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. ओल्या हवेत घेतलेल्या खुणा सुकल्यावर जुळत नाहीत, मग दोष पट्टीला जातो. चूक ब्लेडनं खरवडलीत तर तंतू उभे राहतात आणि पुढची शाई पसरते. तिथे आधी नखानं कागद घोटून घ्या.

दांडियाबाजारकर
एक राहिलं. अमेरिकी अमूर्त चित्रकार अॅग्नेस मार्टिनशी तुलना फार स्वस्तात होते. मार्टिनचे प्रसिद्ध कॅनव्हास सहा फुटी चौरस, त्यावर पेन्सिलची रेघ कापडाच्या विणीवरून जाताना थरथरते आणि ती थरथर त्यांना हवी असते. नसरीनची रेघ कागदावर ताठ जाते. खरी तुलना घरातच आहे. 1981 च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात बडोद्याचे चित्रकार गुलाम शेख, भूपेन खख्खर होते, बडोद्याची चित्रं माणसांनी आणि गोष्टींनी भरत होती. त्याच गावात या बाई कागद रिकामा करत होत्या. हे न सांगता नुसती पट्टी दाखवलीत तर विद्यार्थी ड्राफ्ट्समन होईल.

रावपुरेकर
1981 चा संदर्भ सांगायलाच हवा, तो मी सोडला होता. पण फोटोंबद्दल माझी अट आहे : ते चित्राशेजारी टांगू नका. त्यांच्या हयातीत ते कधी प्रदर्शनात लागले नाहीत. शेजारी लावले की बघणारा रेघेत रस्ता शोधतो, सापडला की पुढे जातो.

शाईदौत
वेगळ्या भिंतीवर लावा, पण लावाच. आणि नसरीनच्या डायरीची पानंही, शाईचे पट्टे ओढून मजकूर झाकलेली. रेघ लिहिण्यातून कशी सुटी होत गेली, ते तिथे दिसतं.