शब्दचर्चा: ‘पाझर’, ‘प्रवाह’ आणि उपशाचा ‘शंकू’

प्रश्न: विहिरीतून उपसा सुरू झाला की भोवतालच्या भूजलपातळीत शंकू तयार होतो, असे वाचले. हा शंकू नेमका कशाचा? आणि ‘भूमिगत प्रवाह’ हा शब्दप्रयोग येथे योग्य ठरेल का?

उत्तर: ‘प्रवाह’ चुकीचा नाही, मात्र त्याने जमिनीखालून वाहणाऱ्या नदीचे चित्र उभे राहते आणि त्यातूनच बरेच गैरसमज होतात. जलधरातले, म्हणजे पाणी साठवणाऱ्या आणि पुढे जाऊ देणाऱ्या भूगर्भातील थरातले, पाणी वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांतून किंवा खडकाच्या भेगांतून वाट काढत सावकाश सरकते, म्हणून मला ‘पाझर’ अधिक नेमका वाटतो.

शंकूचे कारण फ्रेंच अभियंते हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या नियमात आहे: पाझराचे प्रमाण हे थराची पारगम्यता (त्यातून पाणी किती सहज जाते ते), पाणीपातळीचा उतार आणि पाणी ज्यातून जाते तो छेद यांच्या गुणाकाराइतके असते. विहिरीकडे पाणी चहूबाजूंनी येते. सारख्या जाडीच्या थरात, विहिरीपासून १०० मीटरवर पाणी ज्या वर्तुळाकार कड्यातून आत शिरते, त्याच्या एकदशांश आकाराचे कडे त्याला १० मीटरवर मिळते. तेवढेच पाणी त्यातून जायचे, तर उतार दहापट तीव्र व्हावा लागतो. त्यामुळे पातळी विहिरीलगत झपाट्याने खचते आणि दूरवर जवळजवळ सपाट राहते. खरे तर या आकाराच्या बाजू सरळ नसून वक्र असतात, तेव्हा तोंड वर केलेला कर्णा डोळ्यांपुढे आणावा. तरीही ‘शंकू’ रूढ आहे आणि तो बदलण्याची गरज नाही.

पुरवणी: वरचे विवेचन पटले, पण ‘पातळी’ या शब्दाबद्दल एक भर घालणे आवश्यक आहे. वर अभेद्य थर असलेल्या, म्हणजेच बद्ध जलधरात हा शंकू दाबाचा असतो. थर पाण्याने भरलेलाच राहतो; निरीक्षणविहिरीत पाणी ज्या उंचीपर्यंत चढते, ती उंची तेवढी उतरते. अशा थरातून थोडे पाणी सुटायलाही दाब बराच कमी व्हावा लागत असल्याने उपशाचा परिणाम अबद्ध, म्हणजे वर अभेद्य थर नसलेल्या, जलधरापेक्षा कितीतरी लवकर दूरवर पोचतो. पाणी मात्र तितक्या लवकर विहिरीत येत नाही, म्हणून ‘परिणाम पोचला’ आणि ‘पाणी पोचले’ ही दोन विधाने लिहिताना वेगळी ठेवावीत.