रिस्टोरेटिव्हला वेगळी एड हवी की ते प्रत्येक सीएनएचंच काम?

ओवी:
मी न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये रिस्टोरेटिव्ह नर्स आहे. आमच्या नव्या व्यवस्थापनाने ठरवलंय की रिस्टोरेटिव्हच्या वेगळ्या एड (मदतनीस) बंद करायच्या आणि ते काम फ्लोअरवरच्या सीएनएंवर, म्हणजे रोजची देखभाल करणाऱ्या नर्सिंग सहाय्यकांवर, टाकायचं. माझा याला ठाम विरोध आहे. इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: थेरपीत जे कमावलं ते टिकावं म्हणून नर्सिंग विभाग रोज जे करून घेतो ते रिस्टोरेटिव्ह. चालवणं, कूस बदलायला लावणं, सांधे हलवणं, स्प्लिंट बांधणं, आपल्या हाताने जेवायला-कपडे घालायला लावणं. डॉक्टरांची ऑर्डर लागत नाही. केअर प्लॅनमध्ये मोजता येईल असं उद्दिष्ट लागतं, नर्सची देखरेख लागते, आणि गटात घेतलं तर एका एडमागे जास्तीत जास्त चार जण. एमडीएस या रहिवाशांच्या मूल्यमापनाच्या सरकारी फॉर्मवर तो दिवस धरायचा तर एकेका कार्यक्रमाची २४ तासांत किमान १५ मिनिटं भरावी लागतात. पाच-पाचचे तुकडे चालतात, पण चालण्याची आठ आणि जेवणाची सात अशी बेरीज चालत नाही.

आता सकाळी सातला फ्लोअरवर या. एका सीएनएकडे दहा-बारा माणसं, प्रत्येकाच्या दारावर दिवा लागलेला. ती बाई आजींच्या कमरेला पट्टा बांधून, वॉकर पुढे देऊन, मागून व्हीलचेअर घेऊन डायनिंग हॉलपर्यंत चालवत नेईल? ती व्हीलचेअरवर बसवून दोन मिनिटांत पोचवणार आणि संध्याकाळी चार्टिंगमध्ये "१५" टाकणार. तिला दोषही देता येत नाही.

रात्रपाळी:
अजिबात सहमत नाही. मी बरीच वर्षं सीएनए होते, आता एलपीएन (परवानाधारक नर्स) आहे.

वेगळी एड ही कागदावरच असते. कुणी कॉल-आउट केला, म्हणजे ऐनवेळी येत नाही म्हणून कळवलं, की पहिली कुणाला ओढतात? रिस्टोरेटिव्हवालीला! आमच्याकडे तर शनिवार-रविवार ती रिस्टोरेटिव्ह करताना दिसणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

दुसरं त्याहून वाईट. वेगळी एड असली की बाकीच्यांच्या डोक्यात पक्कं बसतं, "चालवणं तिचं काम". दहा वाजता तिच्याबरोबर हॉलभर चाललेल्या आजोबांना बाराला व्हीलचेअर, चारला दोघी मिळून उचलून पलंगावर, आणि रात्री टॉयलेटला नेण्याऐवजी "डायपरमध्येच करा". १५ मिनिटं कमावलं ते उरलेल्या पावणेचोवीस तासांत घालवलं. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यात वेगळ्या एडचं नावही नाही. त्याखालच्या नियमांत एवढंच आहे की टाळता न येण्यासारखं वैद्यकीय कारण नसेल तर रहिवाशाची क्षमता घटता कामा नये. ती जबाबदारी सगळ्या शिफ्टची.

गुडघेदुखे:
फिजिओ, मिशिगन. तुम्ही दोघी एडवर भांडताय, पण गोम पैशात आहे.

ऑक्टोबर २०१९ च्या आधी मेडिकेअर (इथला वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) थेरपीच्या मिनिटांवर पैसे द्यायचं. आठवड्याला ७२० मिनिटं झाली की सगळ्यात वरचा दर. तेव्हा अर्धमेल्या माणसालाही ७२० पर्यंत ओढायचे. मग पीडीपीएम ही नवी दरपद्धत आली, दराचा मिनिटांशी संबंध तुटला आणि थेरपी एकदम आटली. आता पेशंट जरा स्थिरावला की "प्लॅटो झाला (सुधारणा थांबली), रिस्टोरेटिव्हकडे द्या". जिम्मो विरुद्ध सेबेलियस खटल्याची तडजोड जानेवारी २०१३ ची. तिच्यात स्पष्ट आहे की सुधारणा होत नसली तरी क्षमता टिकवायला कुशल हात लागत असेल तर मेडिकेअरने पैसे द्यायचे. सांगतं कोण घरच्यांना? म्हणजे जे काम माझं, ते ७५ तासांच्या किमान प्रशिक्षणावर आलेल्या मुलीच्या गळ्यात.

आणि रिस्टोरेटिव्हने दर वाढतो तो रहिवाशांच्या फक्त दोन गटांत: वर्तन-आकलनाचा आणि कमी शारीरिक क्षमतेचा. तेही दोन कार्यक्रम, प्रत्येकी आठवड्यातले सहा दिवस झाले तर. बाकीच्यांसाठी व्यवस्थापन कशाला जीव टाकेल?

ओवी:
@गुडघेदुखे, पैशाचं पटलं. पण म्हणूनच शिकलेली एड हवी ना?

उदाहरण देते. आमच्याकडे एक मराठी आजोबा आहेत, स्ट्रोकनंतर उजवा हात कमजोर. थेरपीने जाड मुठीचा चमचा डाव्या हातात दिला. ते रोज ताट सरकवून द्यायचे आणि चार्टवर "नकार" लागायचा. आमच्या एडने शेजारी बसून पाहिलं, चमच्याशी त्यांचं वैर नव्हतं, डाव्या हाताने जेवायला ते तयार नव्हते. मग उंच कडेचं ताट, घट्ट कालवलेला वरणभात आणि उजवा हात. कोपराला तिचा आधार. निम्मं सांडायचं, पण जेवायचे. प्लॅन बदलून घेतला. दहा-बारा जणांच्या रगाड्यात हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

रात्रपाळी:
ओवीताई, ती एड तीनला घरी जाते ना? मग रात्रीचं जेवण कोण देतं? संध्याकाळची मुलगी पाच मिनिटांत चमच्याने भरवून मोकळी. म्हणजे दिवसाला एकच जेवण "रिस्टोरेटिव्ह". तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पक्का होतो.

कोथरूडकर:
थोडं अवांतर. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पुण्यातल्या एका केअर सेंटरमध्ये आहे. इथे ना एमडीएस, ना १५ मिनिटं. मावशी प्रेमळ आहेत, पण सगळं पलंगावरच: जेवण, स्पंजिंग, बेडपॅन. आणि नातेवाइकांचंही तेच. परवा एका मावशीने शेजारच्या आजींना स्वतः वेणी घालायला लावली तर मुलगा ओरडला, "पैसे कशाचे घेता मग?" तुमच्याकडे हा प्रकार नाही का?

रात्रपाळी:
भरपूर! देशी घरांत तर सेवा म्हणजे भरवणं. तुम्ही आधी सर्जनला विचारा, पायावर किती भार द्यायचा ते. मग सेंटरकडे एकच मागा: बेडपॅन बंद, दिवसा प्रत्येक वेळी वॉकरने बाथरूमपर्यंत, माणूस धरायला हवाच. वेगळा व्यायाम नंतर बघू.

ओवी:
@रात्रपाळी, संध्याकाळचा मुद्दा मान्य. व्यवस्थापनाला असं सुचवणार आहे: एक एड सकाळी, एक सकाळी ११ ते संध्याकाळी ७, दुपार-संध्याकाळच्या सीएनएंना तिने जेवणाच्या वेळी हाताखाली घेऊन शिकवायचं. आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या सहीशिवाय तिला फ्लोअरवर ओढायचं नाही.

रात्रपाळी:
११ ते ७ झकास. सहीचं मात्र विसरा. रविवारी पहाटे दोघींनी कॉल-आउट केल्यावर सुपरवायझर सही शोधत बसणार आहे? २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने दर रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तास नर्सिंग देखभालीचा नियम आणला होता, तो टेक्सासच्या फेडरल कोर्टाने २०२५ मध्ये उडवला. फ्लोअरवर माणसं वाढवून मागा, मग एड कुणी ओढणार नाही.

गुडघेदुखे:
ते मागणीपत्र लिहाल तेव्हा जिम्मोचंही एक वाक्य घाला. मसुदा इथे टाकलात तर बघून देतो.