ओटीटी अ‍ॅपवर आलेला नवा चित्रपट ग्राहक टिकवतो म्हणे, पण मोजायचं कसं? चक्रवाढ, शंकेखोर आणि मध्यंतर या तिघांची चर्चा.

चक्रवाढ: चित्रपट पाहिलेल्यांपैकी किती जणांनी सबस्क्रिप्शन सोडलं आणि न पाहिलेल्यांपैकी किती जणांनी, ही तुलना फसवी आहे. पाहणारे मुळातच रोज अ‍ॅप उघडणारे. शिवाय २५ तारखेला चित्रपट पाहायचा तर तोवर खातं चालू हवं. आधीच सोडून गेलेले आपोआप ‘न पाहिलेल्यां’त जमा होतात. मग टुकार चित्रपटही ग्राहक टिकवणारा ठरतो. त्यापेक्षा रिन्यूअलची तारीख धरा: प्रदर्शनाआधीच्या ७ दिवसांत रिन्यूअल असलेले एकीकडे, नंतरच्या ७ दिवसांतले दुसरीकडे, आणि कोणत्या गटातले किती सोडून गेले ते पाहा. फक्त मासिक प्लॅन घ्या. कार्ड नाकारल्यामुळे बंद पडलेली खाती वेगळी काढा, ती माणसं कंटाळून गेलेली नसतात.

शंकेखोर: तुमचा आधीचा गटच बाटलेला आहे. ट्रेलर आलेला असतो. ‘शुक्रवारी येतोय, थांबू’ म्हणून तेही पैसे भरतात, आणि परिणाम आहे त्याहून कमी दिसतो. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकल्यासारखे १० टक्के ग्राहक निवडा, त्यांच्या होम पेजवर बॅनर दाखवू नका आणि दोन्ही गट पूर्ण मोजा, कोणी पाहो न पाहो.

चक्रवाढ: ती बॅनरची परीक्षा झाली, चित्रपटाची नव्हे! गाजणारा चित्रपट लोक शोधून पाहतात. समजा बॅनर असलेल्यांत ३० टक्क्यांनी पाहिला, नसलेल्यांत २८ टक्क्यांनी. चित्रपटाचा परिणाम काढायला दोन गटांच्या टिकण्यातला फरक या २ टक्क्यांनी, म्हणजे ०.०२ ने भागावा लागेल, म्हणजे त्यातली चूकही ५० पट. छोट्या चित्रपटांना तुमची पद्धत चालेल, तेवढं मान्य.

मध्यंतर: आयता प्रयोग शोधायला जाल तर तिथेही खड्डा आहे. २०२१ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूड स्टुडिओचे चित्रपट अमेरिकेत थिएटर आणि एचबीओ मॅक्स या ओटीटीवर एकाच दिवशी येत, पण ९.९९ डॉलरच्या जाहिरातवाल्या प्लॅनमध्ये नाही, १४.९९ च्या प्लॅनमध्येच. दोन्हींची तुलना करायचा मोह होतो. पण ज्यांना ते चित्रपट हवे होते त्यांनीच महाग प्लॅन घेतला असणार! आणि ३० दिवसांवर थांबू नका. चित्रपटासाठी एक महिना राहून पुढच्या महिन्यात गेलेला ग्राहक टिकला नाही, लांबला. ९० दिवसांत सरासरी किती दिवस खातं चालू राहिलं ते पाहा.

शंकेखोर: ९० दिवस मान्य. पण रिन्यूअलवाल्यांनी आधी एक करावं: काहीच प्रदर्शित न झालेल्या १०-१२ शुक्रवारांवर हेच गणित चालवावं. तिथेही ‘परिणाम’ निघाला, तर तो मागच्या मोठ्या चित्रपटाच्या दिवशी एकदम आलेल्या गर्दीचा. त्यांच्या रिन्यूअलच्या तारखाही एकाच आठवड्यात पडतात.