शांघायला उतरायचं कुठे? (अनुभव धागा)

शांघायचं हॉटेल शोधताना पहिल्यांदा जाणारा माणूस भाडं, फोटो आणि तारे बघतो. शहर अडीच कोटींच्या घरातलं आहे. हॉटेल चुकलं तर रोजचे दोन-अडीच तास नुसते प्रवासात जातात. म्हणून हा धागा. ज्यांचं तिथे जाणं-येणं आहे त्यांनी वर आपलं टोपणनाव टाकून लिहावं. ‘खोली छान, स्टाफ नम्र’ एवढ्यावर थांबू नका. स्थानक कोणतं, मार्ग कितवा, काय अडतं आणि का अडतं, ते हवं आहे.

सुरुवात मी भूगोलापासून करतो. ह्वांगपू नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेचं पुशी म्हणजे जुनं शहर, पूर्वेचं पुदोंग म्हणजे १९९० नंतर उभं राहिलेलं नवं. विमानतळही दोन. पुदोंग विमानतळ पूर्व टोकाला समुद्राजवळ, मध्यापासून तीसेक किलोमीटर किंवा जास्तच. होंगछ्याओ पश्चिमेला, शहराला बराच जवळ. मेट्रोचा २ क्रमांकाचा मार्ग दोन्ही विमानतळांना जोडतो आणि वाटेत लोंगयांग रोड, लुच्याझुई, नानजिंग पूर्व रोड, पीपल्स स्क्वेअर, जिंगआन मंदिर ही कामाची स्थानकं घेतो. पहिली फेरी असेल तर या मार्गावरच्या पीपल्स स्क्वेअर ते जिंगआन मंदिर या पट्ट्यात, स्थानकाच्या दारापासून सातशे मीटरच्या आत हॉटेल घ्या. आधी स्थानक ठरवा, मग हॉटेल.

काठावरचा

त्याआधीचा प्रश्न म्हणजे हॉटेल तुमचा पासपोर्ट घेईल का. चीनमध्ये प्रत्येक परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांच्या प्रणालीत करावी लागते आणि हॉटेलात ती हॉटेलवालेच करतात. पूर्वी अनेक लहान हॉटेलं ‘आम्हाला परदेशी पाहुण्यांची परवानगी नाही’ म्हणून परत पाठवत. मे २०२४ मध्ये सरकारी खात्यांनी स्पष्ट सूचना काढली की या कारणाने नकार देता येणार नाही. तरी छोट्या ठिकाणी रात्रपाळीच्या मुलाला पासपोर्टची नोंद कशी करायची तेच माहीत नसतं. चिनी ओळखपत्र यंत्रावर टेकवलं की काम होतं, पासपोर्टची माहिती मात्र हाताने भरावी लागते. तिथे रात्री बारा वाजता अर्धा-पाऊण तास मोडतो.

म्हणून बुकिंगच्या पानावर ‘फक्त चीनच्या मुख्य भूमीच्या नागरिकांसाठी’ अशी ओळ आहे का ते बघा. परदेशी पाहुण्यांचे अलीकडचे अभिप्राय नसतील तर ॲपमधून हॉटेलला संदेश पाठवून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट लागतो, लहान मुलांचासुद्धा. झेरॉक्स चालत नाही. बुकिंगचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. आपल्याकडे काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि संपूर्ण नाव एकाच ओळीत असतं. अशांनी हे आधी कळवून ठेवलेलं बरं.

पिंपळपार

कोणत्या भागात उतरावं याबद्दल थोडं सविस्तर, कारण पश्चात्ताप बहुधा इथेच होतो.

पीपल्स स्क्वेअरला १, २ आणि ८ हे तीन मार्ग मिळतात. कुठेही जायला सोयीचं, पण स्थानक प्रचंड आहे. चुकीच्या दारातून वर आलात तर हॉटेल समोर दिसूनही रुंद रस्ता ओलांडायला दहा मिनिटं जातात. हॉटेलला दाराचा क्रमांक विचारा आणि त्या दाराला लिफ्ट आहे का तेही. बऱ्याच दारांना नुसत्या पायऱ्या असतात. मोठ्या बॅगा आणि आईवडील सोबत असतील तर याच गोष्टीवर सगळं ठरतं.

नानजिंग पूर्व रोडवरून (२ आणि १०) ‘बंड’ (चिनीत वायतान) हा पुशीचा नदीकाठ दहाएक मिनिटांच्या चालीवर. नदीपलीकडचे मनोरे बघायचे तर पुशीच्या काठावर राहायचं. पुदोंगात राहिलात तर तुम्ही त्याच मनोऱ्यांच्या पोटात असता. मात्र १ ते ७ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी इथे एवढी गर्दी होते की रस्ते बंद करतात आणि मेट्रो या स्थानकावर न थांबता पुढे जाते. त्या दिवसांत इथलं हॉटेल नकोच.

जिंगआन मंदिर (२, ७, १४) थोडं महाग, पण राहायला मला हाच भाग सर्वांत पटतो. फुटपाथ रुंद, जेवणाची ठिकाणं भरपूर आणि रात्री शांत.

जुना फ्रेंच भाग, म्हणजे शान्शी दक्षिण रोड (१, १०, १२) आणि छांगशू रोडच्या (१, ७) आसपास, चालणाऱ्यांसाठी. दोन्ही बाजूंना चिनाराच्या जातीची मोठी झाडं, आत गल्ल्यांतली जुनी घरं. त्या घरांतल्या खोल्या फोटोत सुंदर दिसतात, पण लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि खडे असतात. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिथे संततधार असते, तेव्हा भिंतींना ओल येते आणि कपाटाला कुबट वास. हिवाळा त्याहून कठीण. शांघाय दक्षिण चीनमध्ये धरलं जातं, त्यामुळे बीजिंगसारखी इमारती गरम ठेवण्याची सरकारी सोय (सेंट्रल हीटिंग) इथे नाही. जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो आणि खोलीत फक्त एसीची गरम हवा असते. डिसेंबर ते फेब्रुवारी नव्या इमारतीतच राहा.

लुच्याझुई (२, १४) म्हणजे बँकांचा भाग. मनोरे भव्य, पण रस्ते आठ-आठ पदरी, पादचाऱ्यांसाठी वरून पूल, आणि कचेऱ्या सुटल्या की साधं जेवण मिळणं अवघड. तिथे काम असेल तरच राहावं.

नदीपार

लुच्याझुईबद्दल पूर्ण सहमत नाही. म्हातारी माणसं सोबत असतील तर तिथली मोठी हॉटेलं सोयीची पडतात: लिफ्ट, प्रशस्त न्हाणीघर, इंग्रजी बोलणारा माणूस. पलीकडे जायला दर वेळी मेट्रोत उतरायला नको, नदीवर साधी फेरीबोट चालते, तिकीट २ युआन. दिव्यांचा देखावा बघायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा की रोषणाई साधारण रात्री दहाला बंद होते.

भाड्याचा अंदाज: मध्य भागात च्वानजी, यादुओ यांसारख्या मध्यम साखळी हॉटेलांत सुट्ट्या सोडून ३०० ते ५०० युआन. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये. नदीचं दर्शन देणाऱ्या खोल्या याच्या कितीतरी पट.

जत्रेकरी

व्यापाराच्या प्रदर्शनांसाठी जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. शांघायात दोन मोठी प्रदर्शन केंद्रं आहेत आणि नावं इतकी सारखी की दर वर्षी कोणी ना कोणी चुकीच्या टोकाला खोली घेतं. ‘न्यू इंटरनॅशनल एक्स्पो सेंटर’ पुदोंगात, लोंगयांग रोड स्थानकाजवळ. ‘नॅशनल एक्झिबिशन अँड कन्व्हेन्शन सेंटर’ पार पश्चिमेला, होंगछ्याओ रेल्वे स्थानकाच्या पुढे. दोन्ही २ क्रमांकाच्या मार्गावर, पण मधे अख्खं शहर. निमंत्रणपत्रावरचं केंद्राचं पूर्ण नाव तपासल्याशिवाय खोली घेऊ नका.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पश्चिमेच्या केंद्रात २०१८ पासून आयात प्रदर्शन भरतं. तेव्हा होंगछ्याओच्या आसपासचे दर एकदम चढतात. त्या आठवड्यात जायचंच असेल तर चुंगशान पार्क (२, ३, ४) भागात बघा, थेट मेट्रो आहे.

दिशा

नकाशाबद्दल. गूगल नकाशा तिथे नीट चालत नाही. शिवाय चीनमध्ये नियमानेच नकाशांचे अक्षांश-रेखांश सरकवलेले असतात, त्यामुळे परदेशी साइटवरची हॉटेलची खूण प्रत्यक्ष जागेपासून काही शे मीटर हललेली असू शकते. ‘मेट्रोपासून २०० मीटर’ या वाक्यावर विसंबू नका. अंतर गाओद या चिनी नकाशा ॲपमध्ये किंवा आयफोनवरच्या ॲपल नकाशात मोजा. एका साखळीच्या चार-पाच शाखा एकाच भागात असतात, म्हणून नाव आणि पत्ता चिनी लिपीत, फोन क्रमांकासकट, फोनमध्ये चित्र म्हणून साठवा. जीमेल तिथल्या वायफायवर उघडणार नाही. बुकिंगची पावती आधीच उतरवून घ्या.

रस्त्यांच्या नावात दोंग म्हणजे पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, पेइ उत्तर, चोंग मध्य, आणि लू म्हणजे रस्ता. नानजिंग दोंग लू आणि नानजिंग शी लू ही वेगळी स्थानकं आहेत.

खिडकी

खोलीचं वर्णन वाचताना तीन शब्द तपासा.

पहिला, खिडकी. स्वस्त खोल्यांत ‘विनाखिडकी’ हा सरळ प्रकार असतो आणि ‘आतली खिडकी’ म्हणजे बोळाकडे किंवा हवेच्या चौकाकडे उघडणारी. भाडं शेजारच्या खोलीपेक्षा पन्नास-शंभर युआनने कमी दिसलं तर कारण बहुधा हेच. अशा खोलीत सिगारेटचा वासही मुरतो. शांघायात २०१७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आहे, तरी वासाची तक्रार अभिप्रायांत सापडते. तो शब्द शोधून वाचा.

दुसरा, पलंगाची रुंदी. ती मीटरमध्ये दिलेली असते. १.८ दोघांना ऐसपैस, १.५ दोघांना जेमतेम, जोडपलंगाच्या खोलीत बहुधा १.२ चे दोन. गाद्या आपल्या सवयीपेक्षा कडक.

तिसरा, न्हाणीघराची भिंत. कित्येक ठिकाणी ती काचेची असते, पडदा असेलच असं नाही. मुलगा-आई किंवा दोन सहकारी एका खोलीत राहणार असतील तर फोटो मोठा करून बघा.

जुलै २०१९ पासून शांघायातली हॉटेलं दातांचा ब्रश, कंगवा, दाढीचं ब्लेड वगैरे सहा वस्तू आपणहून देत नाहीत. मागितल्या तर मिळतात. आपला मोठा तीनपिनी प्लग बसत नाही. तिरक्या चपट्या पिनांचा ॲडाप्टर न्या. वीज २२० व्होल्ट, तेव्हा उपकरणांना धोका नाही. तळमजल्यालाच तिथे पहिला मजला म्हणतात.

नाणं

अनामत रक्कम (याजिन) पुष्कळ ठिकाणी घेतात. अलीपे किंवा वीचॅट या पैसे भरायच्या चिनी ॲपमध्ये आपलं व्हिसा-मास्टरकार्ड निघण्याआधी भारतातच जोडून, पासपोर्टने ओळख पटवून ठेवा, कारण ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करायला विसरू नका. जोडलेल्या परदेशी कार्डाला २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर ३ टक्के. त्यामुळे मोठं भाडं बुकिंगच्या वेळीच थेट कार्डाने भरलेलं परवडतं.

तुळस

शाकाहाऱ्यांनी सकाळचा नाश्ता धरून हॉटेल घेताना विचार करावा. भाताची पेज, साधा मांतोउ (वाफवलेला पाव), उकडलेली अंडी, फळं एवढं हाती लागतं. भाज्यांत डुकराच्या मांसाचा कीस किंवा चरबी असू शकते. नाश्ता वगळून दर कमी होत असेल तर वगळा. पीपल्स स्क्वेअर-जिंगआन पट्ट्याचा आणखी एक फायदा म्हणजे नानजिंग पश्चिम रोडवरचं १९२२ पासूनचं कुंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह. बौद्ध पद्धतीच्या ‘सू’ जेवणात परंपरेने कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन मंडळींना हा शब्द फार उपयोगी. ‘वो छ्र सू’ (मी शाकाहारी खातो) म्हणायचं, आणि चिनीत लिहून दाखवलं तर उत्तम. नळाचं पाणी पीत नाहीत. जवळपास प्रत्येक खोलीत विजेची किटली असते.

काठावरचा

राहून गेलेलं: नातेवाईक किंवा मित्राकडे उतरणार असाल तर नोंद तुमची तुम्हाला करायची, पोहोचल्यापासून २४ तासांत, त्या वस्तीच्या पोलीस चौकीत. यजमानाचा भाडेकरार किंवा घराची कागदपत्रं आणि यजमान स्वतः सोबत असला की सोपं जातं. शांघायात ऑनलाइन नोंदीचीही सोय आहे. एअरबीएनबीने २०२२ मध्ये चीनमधली घरं बंद केली, पण स्थानिक ॲपवर घर घेतलंत तरी हाच नियम.

पहाटगाडी

शेवटच्या रात्रीचं हॉटेल वेगळं धरा. पुदोंगहून पहाटेचं विमान असेल तर मध्य शहरात राहू नका. मेट्रो रात्री साडेदहा-अकराच्या पुढे आटोपते आणि पहाटे वेळेवर सुरू होत नाही. टॅक्सी दीडशे ते दोनशे युआन. दिवसाचं विमान असेल तर लोंगयांग रोडवरून मॅग्लेव्ह (चुंबकावर तरंगत धावणारी जलद गाडी) आठेक मिनिटांत नेते, ५० युआन, त्याच दिवशीचं विमानतिकीट दाखवलं तर ४०. मेट्रोने जाताना डब्यावरचं शेवटचं स्थानक वाचा. २ क्रमांकाच्या काही गाड्या क्वांगलान रोडलाच संपतात. तिथे उतरून मागची घ्यावी लागते.

डिसेंबर २०२४ पासून होंगछ्याओ आणि पुदोंग विमानतळांमध्ये वेगळी जलद गाडी आहे, २६ युआन, सुमारे चाळीस मिनिटं. त्यामुळे हांगझौ किंवा सूझौहून परतून थेट पुदोंगला जायचं असेल तर शेवटची रात्र होंगछ्याओजवळ काढली तरी चालते. फक्त रेल्वे तिकिटावर ‘शांघाय’, ‘शांघाय दक्षिण’ की ‘शांघाय होंगछ्याओ’ लिहिलंय ते बघा. तीन वेगळी स्थानकं आहेत आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधीच फलाटाचं दार बंद होतं.