मदत हवी आहे: मायटोकॉन्ड्रिया नसलेला सायनॅप्स टिकतो कसा?

नमस्कार मंडळी,

सायनॅप्सच्या (दोन चेतापेशींमधल्या संदेश-जोडणीच्या) स्थैर्यात मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांचा) वाटा किती, यावर सेमिनार द्यायचाय आणि एका जागी गाडं अडलंय.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास. त्यातला मोठा भाग सायनॅप्सवर जातो, इथवर ठीक. अॅक्झॉनमधले (चेतापेशीच्या संदेश नेणाऱ्या लांब तंतूमधले) बरेच मायटोकॉन्ड्रिया एका जागी बसलेले असतात. सिंटाफिलिन हे प्रथिन त्यांना सूक्ष्मनलिकांशी (पेशीतल्या वाहतुकीच्या रुळांशी) जखडून ठेवतं. फिरते असतात तेही कॅल्शियम वाढलं की मिरो प्रथिनामुळे तिथेच थबकतात. जिथे काम जास्त तिथे मुक्काम. सुरेख सोय आहे, मानलं!

पण हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या अॅक्झॉनमध्ये कितीतरी बूटॉन (संदेश सोडणारे फुगवटे) मायटोकॉन्ड्रियाविनाच असतात, आणि तरी संदेश पाठवतात. ग्लायकोलिसिस (मायटोकॉन्ड्रियाशिवाय साखर फोडून ऊर्जा मिळवणं) आणि शेजारून झिरपत येणारं एटीपी (पेशीचं इंधन) यावर त्यांचं भागतं म्हणे. शिवाय बूटॉनमधून मायटोकॉन्ड्रिया ये-जा करत राहिला की त्या सायनॅप्सची ताकद जास्त खालीवर होते, असंही प्रयोगांत दिसलंय.

आता माझा प्रश्न. हा चढउतार एटीपी कमी पडल्यामुळे होतो, की कॅल्शियम शोषून घेणारं कोणी उरत नाही म्हणून? दोन्ही वेगळं करून दाखवायला एमसीयू हा मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम शिरण्याचा मार्ग बंद करणं पुरेल का? आणि काही सेकंदांचं हे स्थैर्य नि महिनोन्‌महिने टिकणारी जोडणी, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजाव्यात का? मला तरी ते पटत नाही. चेताविज्ञानातल्या कुणी जरा उलगडून सांगाल का?