मदत हवी आहे: रील दोन लाखांनी पाहिली, गाणं दोनशे वेळाही वाजत नाही

कोमल निषाद:

नमस्कार मंडळी,

पाच-सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी मिरजेची. दिवसा एका पतसंस्थेत हिशेब, रात्री गाणी. शब्द माझे, चाल माझी, गाते मीच. साथीला गिटार, कधी घरची पेटी. खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगून रेकॉर्ड करते आणि जंक्शनच्या गाड्यांच्या भोंग्यांमधून एखादा टेक वाचवते. दोन वर्षांत पाच गाणी काढली.

आता अडचण. गेल्या आषाढात गच्चीवर एका अभंगाच्या दोन ओळी गायले. भावाने मोबाइलवर शूट केलं आणि ती रील २ लाख १० हजार वेळा पाहिली गेली. आठवड्यात फॉलोअर ९०० वरून १४ हजारांवर. हुरूप आला, मग जुन्या लोकप्रिय गाण्यांचे मुखडे गात सुटले. आज इन्स्टावर १८,४०० आहेत, यूट्यूबवर ७१२. आणि माझं स्वतःचं शेवटचं गाणं, 'ओसरी', चार महिन्यांत १८६ वेळा वाजलंय. त्यातले चाळीसेक आईच्या फोनवरचे असावेत.

फेब्रुवारीत पुण्यात एका कॅफेत कार्यक्रम ठेवला, तिकीट २०० रुपये. स्टोरीवर साडेतीनशे लोकांनी बदाम पाठवले. आले ११. त्यात चार माझ्याच आते-मावसबहिणी. मालक भला माणूस, त्याने जागेचे पैसे घेतले नाहीत. उलट त्याचीच मला जास्त लाज वाटली.

त्यानंतर एक मूर्खपणा केला, तोही सांगून टाकते. 'ओसरी'च्या आधीच्या एका गाण्यासाठी एका प्रमोशनवाल्याला ४,५०० रुपये दिले. "शंभर टक्के खरे श्रोते" म्हणाला. दहा दिवसांत ९ हजार प्ले, जवळजवळ सगळे परदेशातल्या एकाच शहरातून, जिथे मराठी माणूस औषधालाही नसावा. मग माझ्या डिस्ट्रिब्युटरची (माझी गाणी स्ट्रीमिंग ॲपवर चढवणारी कंपनी) मेल आली की प्ले कृत्रिम आहेत. ते गाणं सगळीकडून उतरवलं आणि दंड माझ्या खात्यातून कापला. खात्यात होते ६२ रुपये. आता वजा आहे. ओरडायचं असेल तर ओरडा, पण नंतर मदतही करा.

मला प्रसिद्ध वगैरे व्हायचं नाहीये (थोडं व्हायचंय). माझी गाणी ऐकायला मुद्दाम येतील अशी शे-दोनशे माणसं हवीत. ती या १८ हजारांत आहेत का? असतील तर ओळखायची कशी? की सगळं सोडून नव्याने सुरुवात करू?

---

चकलीचा सोऱ्या:

मिरजेत राहून गिटार? तंतुवाद्यवाले वाळीत नाही टाकत? :)
ओरडत नाही. ४,५०० रुपयांत अक्कल आली म्हणजे स्वस्तात सुटलात. लिंक विपू (खासगी निरोप) करा, ऐकून सांगतो.

---

तिसरी घंटा:

ताई, मी दुसऱ्यांची गाणी मिक्स करून पोट भरतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. विपूतली लिंक न वापरता, एखादा अनोळखी माणूस शोधेल तसं तुमचं गाणं शोधलं. सापडायला ११ मिनिटं लागली. मला तुम्हाला शोधायचं होतं म्हणून मी ११ मिनिटं थांबलो, दुसरा कुणी १५ सेकंद थांबणार नाही.

कारण एक, तुम्ही कलाकार म्हणून फक्त पहिलं नाव दिलंय. त्या नावाच्या महाराष्ट्रातच हजारो मुली असतील. एका ॲपवर तुमच्याच पानावर एक भोजपुरी गाणं आणि कुणाचं तरी झोपेचं संगीत येऊन बसलंय, पाहिलंत का? तुमचं 'ओसरी' ऐकून "आणखी काय आहे बघू" म्हणून जो तुमच्या पानावर जाईल त्याला ते दिसणार. डिस्ट्रिब्युटरला लिहून पान वेगळं करून घ्या. आडनाव किंवा गाव, काहीतरी जोडा, आणि जे जोडाल ते इन्स्टा, यूट्यूब, स्ट्रीमिंग सगळीकडे अक्षरशः तेच ठेवा.

कारण दोन, स्पेलिंग. 'ओसरी' रोमन लिपीत कुणी ओ-एस-ए-आर-आय लिहितं, कुणी मधला ए खातं, कुणी शेवटी डबल ई लावतं. तुम्ही स्ट्रीमिंगवर एक लिहिलंय, यूट्यूबवर दुसरं, आणि देवनागरी कुठेच नाही. आपली माणसं नाव इंग्रजी कीबोर्डवर मनाला येईल तसं टाइप करतात. यूट्यूबच्या शीर्षकात देवनागरी आणि रोमन दोन्ही द्या, बाकीची स्पेलिंगं वर्णनात येऊ द्या. गाण्याचे पूर्ण शब्द देवनागरीत वर्णनात टाका, कारण लोकांना नाव आठवत नाही, ओळ आठवते. डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये भाषा मराठी निवडली होती ना? अनेकजण घाईत हिंदी ठेवतात.

गाणं चांगलं आहे. दुसऱ्या अंतऱ्यात आवाज गिटारच्या खाली जातो, तेवढं बघा.

---

बेसूर:

+१. भर घालतो. 'ओसरी'ला ४२ सेकंदांची सुरावट आहे, नंतर शब्द. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच प्ले धरतात. म्हणजे तुमचा आवाज यायच्या आत माणूस गेला तर तो आलाच नव्हता असा हिशेब. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळतात त्याचा आलेख असतो, तो उघडा. पैज लावतो, विसाव्या सेकंदाला कडा असेल.

---

चकलीचा सोऱ्या:

@बेसूर, म्हणजे आता आलाप घ्यायचा तोही घड्याळ लावून? गाणं आहे की मॅगी? ती सुरावटच मला सगळ्यात जास्त आवडली.

---

बेसूर:

काढून टाका कुठे म्हणालो? कार्यक्रमात दहा मिनिटं वाजवा. पण ज्याने तुमचं नावही ऐकलं नाही त्याला पहिल्यांदा देताना ध्रुवपदाची एक ओळ आधी येऊ द्या, मग सुरावट.

---

कोमल निषाद:

आलेख पाहिला. विसाव्या नाही, सतराव्या सेकंदाला. पैज हरलात, पण मी जिंकले असंही म्हणवत नाही.

तिसरी घंटा, भोजपुरी गाणं मी पाहिलंच नव्हतं! खूप आभार. अजून एक विचारते. माझ्याच यूट्यूब व्हिडिओवर माझ्याच गाण्याचा कॉपीराइट दावा आलाय. मी माझ्याकडूनच चोरी केली?

---

तिसरी घंटा:

:) गाणं देताना तुम्ही फॉर्मवर कंटेंट आयडीच्या (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) चौकटीत टिचकी मारली असणार. मग तुमच्या वतीने डिस्ट्रिब्युटर यूट्यूबभर तुमचं गाणं शोधतो आणि सापडेल तिथे दावा ठोकतो. त्याला तुमचं चॅनेल ओळखू येत नाही. चॅनेल व्हाइटलिस्ट करा, म्हणजे दाव्यांतून वगळा, म्हणून कळवा, सुटेल.

पण एक सांगा, 'ओसरी'तला तबला खरा आहे की लूप (आधीच रेकॉर्ड केलेला, पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा)? विकतच्या लायब्ररीतला लूप असेल तर कंटेंट आयडी लगेच बंद करा. तोच लूप घेतलेल्या दुसऱ्या शंभर जणांवर तुमच्या नावाने दावे जातील, आणि असा सर्वांना विकला जाणारा लूप असलेलं गाणं तिथे द्यायला परवानगीच नसते.

---

कोमल निषाद:

लूप आहे. आजच लिहिते.

---

पडवी:

मी वेगळं बोलू का? ते १४ हजार अभंगाला आले होते. त्यांनी फॉलो केला तो पाऊस, गच्ची आणि विठ्ठल. नंतर तुम्ही मुखडे दिले, तेही त्यांनी घेतले, कारण ते त्यांचेच होते. मध्येच तुम्ही 'ओसरी' लावता तेव्हा त्यांच्या लेखी तो अनोळखी माणूस घरात शिरल्यासारखा आहे. त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही.

खातं बंद करू नका. आधीच्या वाटेनेच त्यांना आत आणा. संतरचना तुमच्या स्वतःच्या चालीत करा. शब्दांवर कुणाचा हक्क नाही. मात्र प्रसिद्ध चाल उचलू नका, ती त्या संगीतकाराची असते. अलीकडच्या कवींच्या कविता घेणार असाल तर कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो हे लक्षात ठेवा. बालकवी १९१८ ला गेले, ते मोकळे. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, तिथे परवानगी लागेल. त्या रचनेनंतर लगेच, त्याच गच्चीवर, त्याच उजेडात तुमचं गाणं. आणि मुखड्यांच्या रील थोड्या कमी करा. कव्हरवर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गायलं त्यावर, मूळ कंपनीचा दावा लागला की पैसेही बहुतेक वेळा त्यांनाच जातात, मग तुमच्या हाती काय?

---

हिशेबनीस:

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याचे १२ महिन्यांत १,००० प्ले होत नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. सध्या हे सगळं विसरा.

पण आयपीआरएसचं सभासदत्व बघून ठेवा. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची ही संस्था १९६९ पासून आहे. तुम्ही गीतकारही आहात आणि संगीतकारही. आणि उद्या एखादी कंपनी "सगळे हक्क एकरकमी द्या" म्हणत आली तर लक्षात ठेवा, २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला त्याच्या रॉयल्टीचा हक्क असा सोडून देता येत नाही. सही करायच्या आधी इथे येऊन विचारा.

---

कैरीचं लोणचं:

माझा गाण्याशी संबंध फक्त ऐकण्यापुरता. मी घरी लोणची-मसाले करून विकते, १२ वर्षं झाली. अगं, तुझा धागा वाचून माझेच पहिले दिवस आठवले. माझ्याही फेसबुक पेजला ६ हजार लाइक होते आणि बरण्या जायच्या तीस.

मग मी एक केलं. ज्यांनी दोनदा मागवलं त्यांची नावं वहीत लिहिली. ८० निघाली. त्यांना व्हॉट्सॲपवर स्वतः लिहिलं, एकेकाला, नावाने. "मेथांबा घातलाय, ठेवू का?" आज माझा धंदा त्या ८० आणि त्यांनी आणलेल्या माणसांवर चालतो. पेजवर काय चाललंय ते मी महिनोन्महिने बघत नाही.

तू काय कर, 'ओसरी' किंवा तुझ्या कुठल्याही स्वतःच्या गाण्याखाली ज्याने एका शब्दापेक्षा जास्त लिहिलंय त्यांची यादी कर. बदाम पाठवणारे सोड. यादी पन्नासची असेल, कदाचित तीसची. त्यांना मेसेज कर. "गाणं ऐका" म्हणू नको, "तुम्ही अमुक लिहिलं होतंत, नवीन गाणं झालं की तुम्हाला आधी पाठवू का?" असं विचार. जे हो म्हणतील त्यांचा नंबर घे आणि तुझा नंबर सेव्ह करायला सांग. हे महत्त्वाचं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं मावतात, पण तुझा नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचतच नाही, आणि तुला ते कळतही नाही. मी तीन महिने हवेत मेसेज पाठवत होते.

आणि त्या अकरांमधल्या सात परक्या माणसांचे नंबर घेतलेस का?

---

कोमल निषाद:

काकू, नाही घेतले. सात माणसं २०० रुपये देऊन फक्त माझ्यासाठी आली आणि मी बहिणींबरोबर सेल्फी काढत बसले.

---

लिफीकाठ:

डब्लिनहून. विपूतली लिंक ऐकली, आवडलं. बाहेर राहणाऱ्यांकडून दोन विनंत्या. शब्दांखाली सोपा अर्थही द्या, माझ्या मुलीला 'ओसरी' म्हणजे काय ते फोटो दाखवून सांगावं लागलं (मग तिने तीनदा ऐकलं). आणि नवीन गाणं भारतात रात्री साडेनऊला आलं तर आमची संध्याकाळ असते, अमेरिकेतल्यांची सकाळ. इथल्या मंडळाच्या गणपतीत पुण्या-मुंबईचे मोठे कलाकार बोलावणं परवडत नाही, ऑनलाइन अर्धा तास गायला कुणी तयार असेल तर आम्ही मानधन देतो. नंतर सविस्तर विपू करतो.

---

कोमल निषाद:

चार आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी. मार्चअखेर होती, पतसंस्थेत मान वर करायला वेळ नव्हता.

वेगळं पान मिळालं, नावापुढे गाव जोडलं. भोजपुरी गाणं गेलं, झोपेचं संगीत अजून आहे, दुसरी मेल टाकलीय. कंटेंट आयडी बंद केलं. तबला आता खरा, गल्लीतल्याच एका मुलाने वाजवला, मानधन म्हणून त्याच्या बारावीच्या अकाउंट्सची शिकवणी घेतेय.

यादी केली. पन्नास नाही, एकेचाळीस निघाली. सगळ्यांना वेगवेगळं लिहायला पाच रात्री गेल्या. तेवीस हो म्हणाले, नऊ जणांनी उत्तरच दिलं नाही, बाकीचे "बघू". सातांपैकी चौघांचा पत्ता कॅफेमालकाने विचारून काढून दिला. नवीन गाण्याचा कच्चा टेक या सत्तावीस जणांना पाठवला, तर चिपळूणच्या एका बाईंनी कळवलं की दुसऱ्या अंतऱ्यातला 'परंतु' चालीत अडकतो. दोन दिवस राग आला. मग बदलला.

बेसूर, ध्रुवपद आधी घेतलंय. चकलीचा सोऱ्या, सुरावट जागेवर आहे, फक्त नंतर येते. गाणं स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांकडे पाठवायला प्रकाशनाआधी किमान ७ दिवस लागतात हे आता कळलं. याआधीची पाचही गाणी मी आदल्या रात्री चढवली होती.

सत्तावीसपैकी सहाजण सांगली-मिरज-कोल्हापूरचे निघाले. त्यातल्या एका काकांनी सांगलीत विश्रामबागला त्यांच्या दिवाणखान्यात बैठक ठेवायला सांगितलंय, तिकीट नाही, येतील ते पैशाच्या पेटीत काय ते टाकतील. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहा. काका म्हणतात तीस माणसं होतील, मी वीस धरतेय. सांगलीत कुणाकडे दोन जादा सतरंज्या असतील तर कृपया विपू करा, सोमवारी झटकून परत आणून देईन.