‘अ‍ॅथलेटिक डायरेक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
स्किप बर्टमन यांच्यावर लेख लिहितेय. अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात ते १९८४ ते २००१ बेसबॉलचे कोच होते. पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. नंतर २००८ पर्यंत तिथलेच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. ‘क्रीडा संचालक’ लिहिलंय, पण खटकतंय.

प्रतिसाद:
खटकणारच. आपल्या कॉलेजात संचालक म्हणजे शारीरिक शिक्षणाचे सर. जिमखान्याची किल्ली त्यांच्याकडे, संघ तेच निवडणार, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात तेच उभे. बर्टमन यांचं दुसरं पद तसं नव्हतं. सगळ्या खेळांचा पैसा आणि सगळ्या कोचच्या नेमणुका त्यांच्या हातात. २००५ मध्ये अमेरिकन फुटबॉलसाठी लेस माइल्स आणि २००६ मध्ये बेसबॉलसाठी पॉल मेनिएरी त्यांनीच आणले. मी ‘क्रीडा विभागप्रमुख’ लिहीन. विभागप्रमुख म्हटलं की माणसं नेमणारा, हिशेब बघणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो.

दुसरा प्रतिसाद:
विभागप्रमुख पटलं. कोचला मात्र नुसतं ‘प्रशिक्षक’ नको, तो तर तीन दिवसांच्या शिबिरातही असतो. तालमीतला ‘वस्ताद’ घ्या ना! वस्ताद डाव शिकवतो, खुराक बघतो आणि दुखापतीतून उठलेल्या पोराला कधी उतरवायचं हेही तोच ठरवतो. १९९६ ची ओमाहा शहरातली राष्ट्रीय विजेतेपदाची अंतिम लढत आठवा. बर्टमन यांचा खेळाडू वॉरन मॉरिस मनगटाच्या दुखापतीने हंगामातला बराच काळ बाहेर होता. शेवटच्या डावात दोन गडी बाद (बेसबॉलमध्ये तिसरा गेला की डाव संपला), संघ एका धावेने मागे, आणि त्याने पहिल्याच चेंडूवर होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, मारणाऱ्याची आणि तळावर थांबलेल्या साथीदाराचीही धाव. त्या हंगामातला त्याचा एकमेव. मायामीवर ९-८! त्याच मायामी विद्यापीठात बर्टमन आधी सहायक कोच होते. अशा माणसाला प्रशिक्षक म्हणताना माझा हात अडखळतो.

पहिले प्रतिसादक:
भावना शंभर टक्के पटते, पण ‘भलताच वस्ताद निघाला’ असंही आपण म्हणतो. अनोळखी नावापुढे वाचकाला तोच अर्थ आधी लागेल. शिवाय ‘कोच’ आता मराठीच आहे, पोरं ‘कोच सर’ म्हणतात. पहिल्या उल्लेखात कोच ठेवा. मॉरिसचा प्रसंग सांगून झाला की मग खुशाल वस्ताद म्हणा.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. वाक्य असं केलंय: ‘अठरा हंगाम बेसबॉलचे कोच राहिलेले बर्टमन २००१ मध्ये त्याच विद्यापीठाचे क्रीडा विभागप्रमुख झाले.’ वस्ताद ओमाहाच्या परिच्छेदात येतोय.